टीआरएनएच्या जनुकावर क्रोमॅटिनचा ताबा किती, आणि क्रोमॅटिनवर जनुकाचा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "टीआरएनए जनुकाचा प्रमोटर जनुकाच्या पोटातच असतो, आणि अख्खे जनुक एका न्यूक्लिओसोमखाली झाकले जाईल एवढे लहान. मग क्रोमॅटिन या जनुकांचे नियमन करते म्हणजे नेमके काय करते? आम्ही मानवी स्टेम पेशींचे चेतापेशींत विभेदन केले तेव्हा बऱ्याच टीआरएनए जनुकांवरचा एटॅक-सीकचा संकेत घटला, पण टीआरएनएची पातळी जवळपास तशीच राहिली. क्रोमॅटिन मिटले तरी उत्पादन का घटले नाही?"

आधी शब्द. टीआरएनए म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणारा छोटा आरएनए. क्रोमॅटिन म्हणजे हिस्टोन या प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए, आणि त्यातला एकेक गुंडा म्हणजे न्यूक्लिओसोम. प्रमोटर म्हणजे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणे, सुरू करून देणारा डीएनएचा भाग. विभेदन म्हणजे पेशीने विशिष्ट प्रकारची पेशी बनणे, आणि एटॅक-सीक ही क्रोमॅटिन कुठे उघडे आहे हे मोजणारी पद्धत. या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एखादे टीआरएनए जनुक या पेशीत काम करू शकते की नाही, हे कशाने ठरते? जे काम करते ते किती वेगाने करते? आणि तुम्ही मोजलेली गोष्ट या दोहोंपैकी कशाचे माप आहे? माझ्या मते क्रोमॅटिनचा खरा जोर पहिल्या प्रश्नावर आहे, दुसऱ्यावर बराच कमी. शिवाय "क्रोमॅटिन मिटले म्हणून जनुक थांबले" हा क्रम तुम्ही गृहीत धरला आहे. टीआरएनए जनुकांच्या बाबतीत तो पुष्कळदा उलटा असतो. जीव कोणता यावरही उत्तर बदलते. मी आधी यीस्टवर आणि नंतर मानवी पेशींवर काम केले, आणि एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी नेताना दर वेळी काहीतरी गळून पडते.

आधी मापे. टीआरएनए जनुक साधारण ७२ ते ९५ बेसजोड्यांचे, इंट्रॉन (आरएनए तयार झाल्यावर कापून टाकला जाणारा मधला तुकडा) असला तर थोडे मोठे. न्यूक्लिओसोमभोवती १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात. म्हणजे एक न्यूक्लिओसोम नेमका वर बसला तर प्रमोटरचे ए-बॉक्स आणि बी-बॉक्स हे दोन छोटे क्रम, प्रतिलेखनाचा आरंभबिंदू आणि ते थांबवणारी शेवटची टी-ची रांग, सगळेच झाकले जाते. प्रथिनांच्या जनुकांवर काम करणाऱ्या पोल-टूला (आरएनए बनवणारे विकर, आरएनए पॉलिमरेज-टू) प्रमोटर मोकळा आणि जनुकाच्या अंगावर न्यूक्लिओसोम अशी सोय करता येते. टीआरएनए बनवणारे विकर म्हणजे पोल-थ्री; त्याच्या या जनुकांत प्रमोटर आणि अंग एकच, त्यामुळे अर्धवट उघडे टीआरएनए जनुक फारसे सापडत नाही. (सेलेनोसिस्टिनच्या टीआरएनएचे जनुक याला अपवाद, त्याचा मुख्य प्रमोटर जनुकाबाहेर आहे. त्याला या चर्चेतून वगळू.)

आतल्या दोन बॉक्सना टीएफ-थ्री-सी हे सहा उपघटकांचे मोठे संकुल पकडते. त्याचे मुख्य काम दुसऱ्याला बसवण्याचे: आरंभबिंदूच्या लगेच वरच्या सुमारे ५० बेसजोड्यांवर ते टीएफ-थ्री-बी आणून ठेवते. टीबीपी, बीआरएफ-वन आणि बीडीपी-वन या तिघांचे मिळून टीएफ-थ्री-बी होते, आणि ते एकदा बसले की सहजी हलत नाही. कासावेटिस, गायडुशेक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की हेपारिनने किंवा जास्त मिठाने टीएफ-थ्री-सी काढून टाकले तरी टीएफ-थ्री-बी जागेवर राहते आणि एकटेच पोल-थ्रीला पुन्हा पुन्हा कामाला लावते. क्रोमॅटिनचा विचार करताना ही चिवट बैठक लक्षात ठेवा. न्यूक्लिओसोमला इथे जागा मिळवायची तर आधीच बसलेल्याला उठवावे लागते.

यीस्टमध्ये हे उठवणे जवळपास अशक्य असते. वेगाने वाढणाऱ्या यीस्टच्या पेशीत सुमारे ३० लाख टीआरएनए रेणू असतात आणि जनुके २७५ च्या आसपास. दीड तासात पेशी दुप्पट होते असे धरले तर प्रत्येक जनुकाला सरासरी सेकंदाला दोन रेणू तयार करावे लागतात. एवढी वर्दळ असलेल्या ८० बेसजोड्यांवर हिस्टोन निवांत बसतील अशी अपेक्षाच चुकीची आहे, आणि न्यूक्लिओसोमच्या नकाशांत तसेच दिसते: जनुकाच्या जागी खड्डा, दोन्ही काठांना व्यवस्थित बसलेले न्यूक्लिओसोम.

पण खड्डा कोणी खणला? मोर्स, रॉथ आणि सिम्पसन यांचा १९९२ चा प्रयोग मी अजूनही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा वाचायला देतो. त्यांनी यीस्टचे एसयूपी-फोर हे टायरोसिन टीआरएनए जनुक एका छोट्या वर्तुळाकार मिनिक्रोमोसोममध्ये अशा ठिकाणी ठेवले की शेजारच्या संकेतांनुसार त्यावर न्यूक्लिओसोम बसायला हवा. जनुक चालते असेल तर न्यूक्लिओसोम बसला नाही. तेच जनुक उत्परिवर्तनाने निष्क्रिय केल्यावर मात्र बसला. डीएनए जवळपास तोच, शेजारही तोच. म्हणजे मोकळी जागा ही जनुकाला मिळालेली परवानगी नव्हती, त्याच्या प्रथिनांनी ती स्वतः मिळवली होती.

याचा अर्थ यीस्टमध्ये क्रोमॅटिन निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नका. आरएससी हे एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम सरकवणारे संकुल पोल-थ्रीच्या जनुकांवर ठळकपणे सापडते. पार्नेल, हफ आणि केर्न्स यांनी २००८ मध्ये दाखवले की आरएससीचे काम थांबवले की या जनुकांवर न्यूक्लिओसोमची घनता वाढते आणि पोल-थ्री घटते. म्हणजे हिस्टोन सतत परत येऊ पाहतात आणि त्यांना सतत हटवावे लागते. काठांवरचे न्यूक्लिओसोमही मुके नाहीत. वरच्या बाजूला एच-टू-ए-झेड हा हिस्टोनचा प्रकार आढळतो, खालच्या बाजूचा न्यूक्लिओसोम जास्त चंचल असतो आणि एसयूपी-फोरवर जनुक चालू-बंद होताना त्याची जागा बदलते.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यीस्टमधली सर्वांत कामाची गोष्ट उपासमारीत दिसते. अन्न संपले की पेशीला पोषणाची खबर देणाऱ्या टॉर मार्गाचा जोर ओसरतो, मॅफ-वन या दमनकारी प्रथिनावरचे फॉस्फेट निघतात, ते केंद्रकात शिरून पोल-थ्रीला धरते आणि टीआरएनएचे उत्पादन काही मिनिटांत कोसळते. त्या वेळी जनुकावरून पोल-थ्री आणि टीएफ-थ्री-बी घटतात, टीएफ-थ्री-सी मात्र उलट वाढते. जनुक बंद, तरी त्याच्या अंगावर प्रथिन बसलेले, न्यूक्लिओसोम नाही. एटॅक-सीकने पाहिले तर हे जनुक "उघडे" वाटू शकते. उघडेपणा आणि उत्पादन यांची अशी फारकत होते, आणि ती दोन्ही दिशांना होऊ शकते.

इथे एक आडवाट, कारण ती मला फार आवडते. न्यूक्लिओसोम म्हणजे नेहमी अडथळा, हा समज यीस्टच्या यू-सिक्स या छोट्या आरएनएच्या जनुकाने मोडला. तेही पोल-थ्रीचेच, पण त्याचा बी-बॉक्स जनुकाबाहेर, ए-बॉक्सपासून २०० हून अधिक बेसजोड्या दूर. टीएफ-थ्री-सीला एवढी तंगडी पसरणे जड जाते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत पूर्णिमा भार्गव यांच्या गटाने केलेल्या कामातून पुढे आले की मधल्या डीएनएवर न्यूक्लिओसोम बसला की दोन्ही बॉक्स जवळ येतात आणि प्रतिलेखन वाढते. टीआरएनए जनुकांत बॉक्स मुळातच जवळ असल्याने ही युक्ती तिथे लागत नाही, पण "न्यूक्लिओसोम दिसला म्हणजे दमन" असे लिहिण्याआधी तो कुठे बसला आहे हे पाहण्याची सवय लागते.

माणसाकडे आले की चित्र बदलते. मानवी जीनोममध्ये भरवशाची मानली जाणारी टीआरएनए जनुके ४०० हून अधिक आहेत, आणि कोणत्याही एका प्रकारच्या पेशीत त्यातली साधारण निम्मीच पोल-थ्रीने व्यापलेली दिसतात. ए आणि बी बॉक्स तर जवळपास सगळ्यांत आहेत. शिवाय १० लाखांहून जास्त आलू घटक (पुन्हा पुन्हा नकलले गेलेले डीएनएचे छोटे तुकडे) जीनोमभर पसरले आहेत, त्यांच्यातही असेच आतले प्रमोटर, बरेचसे झिजलेले असले तरी. नुसता क्रम पुरेसा असता तर पोल-थ्रीला टीआरएनएपर्यंत पोचायला उसंतच मिळाली नसती. म्हणजे हजेरीपटावर कोणाचे नाव घ्यायचे हे क्रमापलीकडच्या कशावरतरी ठरते, आणि इथे क्रोमॅटिन खऱ्या अर्थाने मैदानात उतरते.

२०१० मध्ये अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी मानवी पोल-थ्रीचे जीनोमव्यापी नकाशे काढले. त्यांतला समान धागा असा: चालती टीआरएनए जनुके बहुधा पोल-टूच्या सक्रिय प्रमोटरांच्या आसपास असतात. हिस्टोन एच-थ्रीच्या चौथ्या लायसिनवर तीन मिथिल गट, सत्ताविसाव्यावर अॅसिटिल गट, अशा सक्रिय प्रमोटरच्या ओळखीच्या खुणा तिथे सापडतात. बंद जनुकांभोवती त्या नसतात, आणि काही ठिकाणी सत्ताविसाव्या लायसिनवर तीन मिथिल गटांची दमनाची खूण असते. म्हणजे मानवी टीआरएनए जनुकाचे भवितव्य बरेचसे त्याच्या शेजारावर अवलंबून दिसते. एखादे जनुक शांत प्रदेशात पडले असेल तर त्याचे बॉक्स कितीही चोख असोत, उपयोग मर्यादित. वनस्पतींत याची टोकाची आवृत्ती आहे: अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या रोपाच्या पहिल्या गुणसूत्रावर टायरोसिन आणि सेरिनच्या टीआरएनए जनुकांची एक लांबलचक रांग आहे, डीएनए मिथिलेशनने (डीएनएवर लागलेल्या मिथिल गटांनी) भरलेली आणि सामान्यतः गप्प.

इथेही जनुक निव्वळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर नसते. कुंडू, वांग आणि रोडर यांनी १९९९ मध्ये दाखवले की मानवी टीएफ-थ्री-सीमध्ये स्वतःचीच हिस्टोन अॅसिटिलट्रान्सफरेझ क्रिया, म्हणजे हिस्टोनवर अॅसिटिल गट लावण्याची क्षमता, आहे आणि ते क्रोमॅटिनने घातलेली बंधने सैल करू शकते. म्हणून एखाद्या टीआरएनए जनुकाजवळ अॅसिटिलेशन दिसले तर ते शेजारच्या पोल-टू प्रमोटरचे की टीएफ-थ्री-सीने स्वतः केलेले, हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. मी असे नकाशे बरेच पाहिले आहेत. अंतराने फार जवळ असलेल्या जोड्यांत मी हा वाद सोडूनच देतो.

आता तुमच्या पेशी. तुमच्या निरीक्षणाशी आश्चर्यकारक जुळणारे काम २०२४ मध्ये नेद्याल्कोवा यांच्या गटाने प्रसिद्ध केले. प्रेरित स्टेम पेशींतून चेतापेशी आणि हृदयपेशींच्या वंशाकडे जाताना पोल-थ्री आधी पुष्कळ जनुकांवर पसरलेली असते आणि विभेदनानंतर एका लहान, मूलभूत गटावर आक्रसते. वैयक्तिक टीआरएनए रेणूंचे प्रमाण बदलते, पण एकाच अँटिकोडॉनच्या (टीआरएनएवरची, संकेत वाचणारी तीन बेसांची जागा) सगळ्या टीआरएनएंची बेरीज स्थिर राहते. कारण म्हणून त्यांनी एमटॉर (टॉरचेच सस्तन प्राण्यांतले रूप) मार्गाचा घटलेला जोर आणि त्यामुळे जागा झालेला मॅफ-वन यांच्याकडे बोट दाखवले आहे. म्हणजे आधी पोल-थ्रीची आवक कमी होते. ज्या जनुकांची पकड भक्कम, ती टिकतात आणि उरलेली रिकामी पडतात. रिकाम्या जागेवर हिस्टोन येणार हे यीस्टने आपल्याला १९९२ मध्येच सांगितले आहे. तुमचा घटलेला एटॅक-सीक संकेत या साखळीतला शेवटचा दुवा असू शकतो, पहिला नव्हे.

बेरीज स्थिर कशी राहते? एका अँटिकोडॉनची जनुके पुष्कळ असतात, काहींची वीसहून अधिक. त्यातली दहा गप्प झाली आणि उरलेल्यांनी भार उचलला, तर परिपक्व टीआरएनएच्या पातळीत काहीच हललेले दिसत नाही. उत्क्रांतीच्या पातळीवरही हेच दिसते: सहा सस्तन प्राण्यांच्या यकृताची तुलना करणाऱ्या २०११ च्या अभ्यासात पोल-थ्री कोणत्या जनुकावर बसते हे प्रजातीगणिक बदलले, पण अमिनो आम्लानुसार केलेल्या बेरजा टिकून होत्या. तरी यावरून एकेक जनुक बिनमहत्त्वाचे ठरवू नका, विशेषतः चेतापेशींत. उंदरात आर्जिनिनचे एक टीआरएनए जनुक प्रामुख्याने मज्जासंस्थेत चालते. २०१४ मध्ये दिसले की त्यातला बिघाड आणि अडकलेले रायबोसोम सोडवणाऱ्या जीटीपीबीपी-टू या प्रथिनाचा अभाव एकत्र आले की चेतापेशी मरतात. त्याच अँटिकोडॉनची दुसरी जनुके असूनही ती उणीव भरून निघाली नाही.

उलट दिशेची वाहतूकही विसरू नका, म्हणजे टीआरएनए जनुकाचा शेजारच्या क्रोमॅटिनवरचा परिणाम. यीस्टच्या एचएमआर या शांत प्रदेशाच्या कडेला थ्रिओनिनचे एक टीआरएनए जनुक आहे. रोहिन्टन कामाकाका आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून दाखवत आणले की ते जनुक काढले तर शांतता पुढे पसरते. २०१२ मध्ये मानवी टीआरएनए जनुकांतही असे कुंपणाचे गुण दाखवले गेले. तुमच्या डेटात एखादे टीआरएनए जनुक रिकामे झाले आणि शेजारच्या पोल-टू जनुकाची पातळी बदलली, तर कारणाचा बाण टीआरएनए जनुकाकडूनही निघू शकतो.

मोजमापाबद्दल मी जरा खडूस आहे, कारण या क्षेत्रातला निम्मा गोंधळ तिथून येतो. परिपक्व टीआरएनए दिवसांच्या हिशेबाने टिकतो. विभेदनात उत्पादन निम्मे झाले तरी साठा बराच काळ भरलेला दिसेल, आणि पेशी विभाजित होत नसेल तर साठा विरळही होत नाही. त्यामुळे तुमची "पातळी तीच" ही ओळ प्रतिलेखनाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. प्रतिलेखन हवे असेल तर पोल-थ्रीचे चिप-सीक (प्रथिन डीएनएवर कुठे बसले आहे हे दाखवणारी पद्धत) करा, किंवा नुकताच तयार झालेला आरएनए मोजा, किंवा निदान कच्च्या टीआरएनएची, नंतर कापली जाणारी डोके-शेपटी शोधा. टायरोसिनच्या टीआरएनएंत इंट्रॉन असतो, त्यामुळे कच्चा माल वेगळा ओळखायला ती सोपी सुरुवात आहे.

एटॅक-सीकचे वाचन, म्हणजे क्रम वाचलेले डीएनएचे तुकडे, जीनोमशी जुळवताना दुसरा धोका. अनेक टीआरएनए जनुके एकमेकांच्या हुबेहूब प्रती असतात, आणि जनुकाच्या आतले छोटे वाचन नेमके कोणत्या प्रतीचे हे कळत नाही. एकमेव जुळणाऱ्या वाचनांचाच आग्रह धरला तर जनुकाच्या जागी खोटा खड्डा तयार होतो, वाटेल तिथे वाटून दिली तर खोटी समानता. मी दोन्ही टोकांकडून वाचन घेतो आणि बाजूच्या अनोख्या डीएनएमुळे जागा पक्की झालेलेच तुकडे मोजतो. त्या तुकड्यांची लांबीही पाहा: न्यूक्लिओसोमएवढे आणि त्याहून छोटे वेगळे काढल्याशिवाय "संकेत घटला" या वाक्याला अर्थ नाही. शिवाय शेजारी पोल-टू प्रमोटर असेल तर घट त्याची असू शकते. आणि चिप करताना लक्षात घ्या की फार वर्दळीच्या जागा, टीआरएनए जनुके त्यात आलीच, असंबंधित प्रथिनांचाही खोटा संकेत देतात. जीनोममध्ये ज्याला बांधणारे काहीच नाही अशा प्रथिनाचे नियंत्रण सोबत ठेवा.

तर मी तुमच्या जागी कोणत्या क्रमाने जाईन? आहे त्याच एटॅक-सीक डेटात टीआरएनए जनुकांचे दोन ढीग करीन: पोल-टू प्रमोटरपासून दूर असलेली आणि अगदी जवळची. दूरच्या ढिगातही घट असेल तर ती शेजाऱ्याची सावली नाही. मग विभेदनाच्या सुरुवातीच्या दिवसांत थोड्या थोड्या अंतराने पोल-थ्रीचे चिप आणि एटॅक-सीक एकाच नमुन्यातून, आणि एकूणच पातळी खाली जाण्याची शक्यता असल्याने दुसऱ्या प्रजातीचे क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळून. पोल-थ्री आधी गेली आणि उघडेपणा नंतर, की उलट, हे तिथे दिसायला हवे. दोन्ही एकाच वेळी गेले तर क्रमावरून काही ठरत नाही, आणि तसे होण्याची शक्यता बरीच आहे.

एकच हस्तक्षेप परवडणार असेल तर मॅफ-वन काढून टाकलेल्या पेशींचे विभेदन करा. त्यांच्यात टीआरएनए जनुके उघडी आणि व्यापलेली राहिली, तर तुमचे क्रोमॅटिन पोल-थ्रीच्या मागे चालत होते. मॅफ-वन नसतानाही तीच जनुके मिटली, तर त्या ठराविक जनुकांवर क्रोमॅटिनचा स्वतःचा हात आहे, आणि मग दमनाच्या मिथिल खुणा व डीएनए मिथिलेशन तपासण्यात पैसे घालणे योग्य. माझा अंदाज असा की बहुसंख्य जनुके पहिल्या प्रकारची निघतील आणि थोडी दुसऱ्या. मात्र मॅफ-वन नसलेल्या पेशींचे विभेदन मुळातच मंदावले किंवा अडखळले, तर ही तुलना निकामी होते, म्हणून आधी चेतापेशींच्या ओळखखुणा दोन्ही गटांत सारख्या आल्या आहेत का ते तपासा.